मानाची पेंढी

पॅरिस, ३ ऑगस्ट १६९३

पेर्नेलताई,

हातातलं काम खाली ठेव आणि बसून वाच. तुझ्या या रंग फासणाऱ्या भावाला महाराजांच्या पायांशी जागा मिळाली आहे! चित्रातल्या पायांशी, पण इथे लोकांना त्याचंही फार अप्रूप असतं.

नव्या महालातल्या मोठ्या दालनाचं छत आमच्या उस्ताद व्होक्लेरांकडे आलंय. महाराज सूर्यदेवाच्या रूपात रथातून येतायत. अंगात जुन्या रोमन सेनापतीचं चिलखत, डोक्यावर मात्र आजच्या दरबारातला केसांचा टोप. त्यांच्यापुढे समृद्धी गुडघे टेकून बसलीय आणि शिंगातून फळं, फुलं, धान्य त्यांच्या पायांवर ओततेय. कोपऱ्यातून दुष्काळ नावाची हडकुळी म्हातारी तोंड लपवत पळतेय. यातलं काहीही उस्तादांच्या मनचं नाही हं. दरबारचं पंडितमंडळ बसतं आणि कुणाच्या हातात काय द्यायचं, कोण उभं नि कोण पालथं, ते ठरवतं. आम्ही रंगवायचं.

तेही वाटून. चेहरे आणि हात उस्तादांचे, चिलखत एकाचं, घोडे-कुत्री दुसऱ्याची, ढग तिसऱ्याचे. खाण्याजोगं जे असेल ते माझं. बारा वर्षं मी द्राक्षं नि भोपळे काढतोय आणि बारा वर्षं हे चेहरेवाले मला 'भाजीवाला' म्हणून हाक मारतायत. यंदा धान्य फक्कड उतरलं, तर उस्ताद मला पहिल्या रांगेत घेणार आहेत. मग मलाही चेहरे मिळतील. समृद्धीचा चेहरा पाहशील तर पोट धरून हसशील! चित्रशाळेत बाई समोर बसवायची नाही असा नियम, म्हणून समृद्धीसाठी नदीवरचा एक हमाल बसतो, दाढी खाजवत. बाकीचं बाईपण उस्ताद पदरचं घालतात.

आता काम ऐक. उस्तादांचा दंडक आहे, समोर ठेवल्याशिवाय एक ओंबीसुद्धा रंगवायची नाही. इथल्या बाजारात यंदा धड गहू दिसत नाही. आपल्याकडे कापणीच्या शेवटच्या गाडीवर लाल फीत बांधलेली मानाची पेंढी असते ना, तशी एक पाठव. ब्लेझदाजींना नमस्कार सांग.

तुझा गास्पार

•

व्हालरूज, २० ऑगस्ट

गास्पार,

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी तुझी चिठ्ठी आली.

तू म्हणतोस तिकडे गहू दिसत नाही. अरे, इकडे तरी कुठे आहे? मे महिन्यापासून पाऊस उघडलेला नाही. आधी गहू लोळला, मग तांबेरा आला, मग काणी. ओंबी तळहातावर चुरली की काळी भुकटी निघते, दाणा नाही. दहा पोत्यांच्या वावरात एक आलं आणि त्यातलंही कोंबड्या नाकारतात. हे बेचाळीसावं वर्ष माझं, असं कधी बघितलं नाही.

तुझी चिठ्ठी देवळापाशी वाचून दाखवली. तुझे दाजी म्हणाले, "काणीच्या ओंब्या धाडा त्याला. महाराजांच्या पायांशी काय आहे ते महाराजांना बघू दे." त्यांचं ऐकायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. पण बायका खवळल्या. मानाच्या पेंढीत कुणी कधी काणी घातली आहे का? ज्या घरची ओंबी हलकी निघते त्या घरची पोरगी कुणी करत नाही, हे तू विसरला असशील, गाव विसरलेलं नाही. आन्सेल्म पाद्रीबाबाही म्हणाले, राजाच्या घरी जायची आहे, गावाचं नाक आहे. मग रिवाजाप्रमाणे एकेचाळीस घरांनी एकेचाळीस वावरांतून तीन-तीन ओंब्या दिल्या, असतील त्यातल्या चांगल्या. जाकमीन म्हातारी दोन दिवस काठी टेकत स्वतःचं वावर हिंडली तेव्हा तिला तीन सापडल्या, आणि पोरगी उजवल्यासारखी ती घरोघर दाखवत फिरली. तरी पेंढी कसली, मूठभर जुडीच. आत राय धान्याचं काड भरून जाड केली आणि वर फीत आवळली. शेणाच्या गाडीवर नाही, तेलाच्या गाडीवर धाडली आहे. दर्जा बघ.

आता आमचं काम ऐक. पेरायला गावात बी नाही. घरटी एक पोतं मिळालं तरी निभेल. सुभेदाराच्या कचेरीत अर्ज दिला आहे, सरकारी कोठारात गहू आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर लागताना, सर्वसंतांच्या सणाच्या आत बी जमिनीत गेलं तर पुढचं वर्ष आहे, नाही तर नाही. तू मोठ्यांच्या घरात वावरतोस. एक शब्द टाक.

पेर्नेल

•

पॅरिस, ९ सप्टेंबर

ताई,

पेंढी पोचली, एक कुसळ न मोडता! उस्तादांनी हातात धरून खिडकीशी नेली आणि म्हणाले, "भाजीवाल्या, तुझ्या गावात सोनं पिकतं." आत काड आहे हे मला वजनावरून कळलं, पण मी गाठ सोडली नाही. जाकमीन म्हातारीच्या तीन कुठल्या ते ओळखायचा प्रयत्न केला. मग तीन बाजूंनी बघत तिच्या तीन पेंढ्या केल्या. एक समृद्धीच्या मांडीवर, एक शिंगाच्या तोंडाशी, एक महाराजांच्या पावलाखाली. काय उतरल्या आहेत म्हणून सांगू!

आणि खरी गंमत पुढेच आहे. पंडितमंडळाचे ब्रेसाकसाहेब पाहणीला आले. गहू कुठला म्हणाले. मी आपलं गाव सांगितलं. ते इतके खूश झाले की चित्रातल्या दगडी पायरीवर त्यांनी अक्षरं घालायला लावली, 'व्हालरूजची भूमी आपलं भरघोस पीक महाराजांच्या चरणी वाहते'. दरबारी वार्तापत्रातही तसं छापून आलं. आपलं गाव, ताई, जिथे टपालसुद्धा वाट चुकतं! ते वार्तापत्र प्रत्येक सुभेदाराच्या मेजावर जातं. आता तुमचा अर्ज परत करायची कुणाची छाती आहे?

दुष्काळ मात्र काढून टाकला. ब्रेसाकसाहेब म्हणाले, "दुष्काळ पळताना दाखवायचा म्हणजे तो आला होता हे कबूल करायचं." म्हातारीवर ढग आला. फार सुरेख जमली होती ती.

बियाण्याचं उस्तादांच्या कानावर घातलं आहे. छताचं कापड एकदा वर चढू दे म्हणाले.

गास्पार

•

व्हालरूज, ४ ऑक्टोबर

गास्पार,

ही चिठ्ठी नीट वाच आणि मग स्वतःच्या थोबाडीत मार, माझा हात तिथवर पोचत नाही.

परवा सुभेदाराचा कारकून आला, मागे दोन घोडेस्वार. देवळासमोर गावाला उभं केलं आणि खिशातून काय काढलं असेल? तुझं वार्तापत्र. मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, "महाराजांच्या चरणी भरघोस पीक वाहणारं गाव हेच ना? मग आमच्या दारात झोळी कशाला घेऊन येता?"

तुझे दाजी पुढे झाले. "साहेब, ती पेंढी एकेचाळीस वावरांतून वेचलेली आहे. आत काड भरलंय."

"म्हणजे दरबाराचं वार्तापत्र खोटं?"

"वार्तापत्राचं मला ठाऊक नाही. माझं वावर खोटं नाही. चला, दाखवतो."

"वावर नको," तो म्हणाला. "कोठी दाखव."

घरोघर शिरले. गाद्या फाडल्या, चुलीची राख उपसली. जाकमीनच्या कोंबड्यांचा कोंडाही वजन करून लिहून घेतला. आमच्या माळ्यावर दोन पोती सापडली. तो गहू, गास्पार, मी आणि दाजींनी पंधरा दिवस एकेक दाणा निवडून बाजूला काढलेला होता, पेरणीपुरता. एक घास खाल्ला नव्हता त्यातला. 'लपवलेला साठा' असं कागदावर लिहिलं, पोती नेली आणि तुझ्या दाजींनाही नेलं. हात बांधून, माझ्या डोळ्यांदेखत. मी घोड्याचा लगाम धरला तर त्याने माझ्या बोटांवर काठी मारली. म्हणून अक्षर असं.

आमचा अर्ज परत आला आहे. पाठीवर लिहिलंय, 'गरज दिसत नाही. वार्तापत्र पाहावे.' आपल्या वाटणीचं बियाणं नदीपलीकडच्या गावांना गेलं.

आम्ही तुला गावाची अब्रू पाठवली होती रे. तू तिची साक्ष केलीस, आमच्याच विरुद्ध. एक मूठ होती, तिच्या तीन पेंढ्या करायला तुला कुणी सांगितलं होतं?

आता मला उस्ताद नकोत, छत नको. तू स्वतः त्या ब्रेसाककडे जा आणि सांग, ती पेंढी कशी जमली. पेरणीला अजून चार आठवडे आहेत.

पेर्नेल

•

पॅरिस, २२ ऑक्टोबर

ताई,

तुझी चिठ्ठी वाचून दोन दिवस मला कुंचला धरवला नाही. पण तुझा राग चुकीच्या माणसावर आहे. चित्र म्हणजे रूपक असतं. समृद्धी नावाची बाई कुठे राहत नाही, महाराज रथातून आकाशात हिंडत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमचा सुभेदार मूर्ख आहे, त्याने रूपक खरं धरलं. त्याला मी काय करू?

तरी मी ब्रेसाकसाहेबांकडे गेलो. माझी पायरी नसताना गेलो. ते चॉकलेट पीत होते.

"तुझं म्हणणं पेंढी खोटी आहे?"

"पेंढी खरी आहे साहेब. पण गावात तेवढीच होती."

त्यांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे होतं नव्हतं ते सगळंच महाराजांना वाहिलं? वा! हे तर आणखी सुंदर." आणि त्यांनी ते टिपून घेतलं, ताई. छताच्या वर्णनाची पुस्तिका निघणार आहे, तिच्यात घालतो म्हणाले. मी आणखी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "जपून हं. महाराजांची समृद्धी खोटी असं कुणी ऐकलं तर तुझ्या मेव्हण्याशेजारी तुझी सोय होईल."

मी काय करायचं? पुढच्या महिन्यात छत चढेल, मी पहिल्या रांगेत जाईन, मग माझ्या शब्दाला वजन येईल. तोवर धीर धर. पत्रात 'खोटं' वगैरे शब्द लिहू नकोस, पत्रं फोडतात. तेलवाल्याच्या गाडीवरून घेवड्याचं एक पोतं पाठवलं आहे. इथेही सगळं आलबेल नाही, पण ते राहू दे.

गास्पार

•

व्हालरूज, १४ नोव्हेंबर

गास्पार,

सर्वसंतांचा सण झाला. गावात एक दाणा पेरला गेला नाही. वावरं उघडी पडली आहेत.

घेवडा पोचला, अर्धा. बाकीचा वाटेत ज्यांनी खाल्ला त्यांना माझी ना नाही. आम्ही नेच्याची मुळं दळतो, त्यात ओकची फळं आणि थोडा कोंडा घालतो. भाकरी थापली की चिकणमातीसारखी दिसते आणि पोटातही तशीच बसते. जाकमीन गेली, दहा तारखेला. माझ्याशी शेवटचं बोलली ते तुझ्या छताबद्दल. "माझ्या तीन ओंब्या महाराजांना दिसतील ना गं?" मी दिसतील म्हटलं. मग मागच्या दारी जाऊन इतकी संतापले की कुंपण उपटावंसं वाटलं.

तू रूपक म्हणतोस. बरं. मग ते रूपक तुझ्या भुईवर खोटं आणि आमच्या भुईवर खरं कसं होतं? तुम्हा लोकांना ते कापडावर रंगवताना रूपक असतं. त्याच कापडाचा कागद होऊन इकडे आला की कोठी तपासायला घोडेस्वार लागतात. मूर्ख सुभेदार नाही रे, तो तर तुम्हा सगळ्यांत शहाणा. आम्हाला बी द्यायचं नव्हतं, त्याला निमित्त हवं होतं. ते तू रंगवून दिलंस, वर गावाचं नाव घालून.

आणि मला धीर शिकवू नकोस. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुझ्या ताटात वाढून माझ्या ताटात काय उरायचं ते तू कधी बघितलं नाहीस. धीर मला येतो.

दाजी अजून कोठडीत आहेत. ताप आहे म्हणतात. भेटू देत नाहीत.

पेर्नेल

•

पॅरिस, १२ डिसेंबर

ताई,

मी केलं! तू म्हणत होतीस तेच केलं, आणि असं केलं की तुला माझा अभिमान वाटेल.

छताचं कापड तुकड्यातुकड्यांनी वर चिकटवतात. मग सांधे दिसू नयेत म्हणून ज्याने जे रंगवलं त्याने परांचीवर चढून स्वतःपुरता हात फिरवायचा. मला तीन दिवस मिळाले. पाठीवर उताणा पडून, नाकावर रंगाचे थेंब झेलत मी सगळ्या ओंब्या बदलल्या. तू लिहिलं होतंस तशी काणी भरली. कुसळं वाकडी, दाण्याच्या जागी काळी भुकटी, पानांवर तांबेरा. महाराजांच्या पावलाखालची पेंढी तर पूर्ण कुजकी केली. तुझी ऑगस्टची चिठ्ठी समोर ठेवून रंगवली. आयुष्यात एवढं खरं मी काही काढलं नव्हतं. परांची उतरली. म्हटलं, आता पकडतात.

दरबारातली बडी मंडळी आली. माना वर करून पाहिलं. एक सरदारीणबाई पंख्याने दाखवत म्हणाल्या, "त्या गव्हात तो काळसर जांभळा किती मोहक आहे!" ब्रेसाकसाहेब लगेच म्हणाले, "जांभळा हा राजरंग, बाईसाहेब. राजाची छाया पडली की धान्यही राजवस्त्र नेसतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एकालाही कळलं नाही, ताई! दोनशे माणसं, रोज पांढरी भाकरी खाणारी, आणि काणी काय असते हे एकालाही माहीत नाही! मला ओरडावंसं वाटत होतं. उस्तादांनी पाठ थोपटली. मला पहिल्या रांगेत घेतलंय. पुढच्या चित्रात मला विजयश्रीचा चेहरा मिळणार आहे.

पण खरं आता तिथे वर आहे आणि राहील. कधीतरी कुणीतरी बघेल. दाजींना सांग.

गास्पार

•

व्हालरूज, ६ फेब्रुवारी १६९४

गास्पार,

दाजींना सांगू शकले नाही. त्यांना तुझं पत्र येण्याआधीच सोडलं होतं, गाडीत घालून, कारण कोठडीतला ताप पहारेकऱ्यांनाही लागायला लागला. घरी आले ते ओळखू येत नव्हते. अठरा दिवस जगले, शुद्धीवर न येता. चार दिवसांपूर्वी, मेणबत्त्यांच्या सणाला त्यांना पुरलं. गोठलेली जमीन खणायला चार माणसं लागली, कारण एकाच्याही अंगात जोर नव्हता.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. अभिमान वाटावा म्हणून लिहिलं आहेस. मला किळस आली.

जिथे आमच्यापैकी कुणी कधी पाऊल टाकणार नाही तिथे, जी अक्षरं त्या लोकांना वाचता येत नाहीत त्या अक्षरांत, तू खरं बोललास. आणि बक्षीस घेऊन खाली उतरलास. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात तरी बरा, त्याने निदान खुनाची साक्ष होत नाही. कधीतरी कुणीतरी बघेल म्हणतोस. कधी? इथे दर आठवड्याला दोन घरांची दारं बंद होतायत. पाद्रीबाबा आता घंटा वाजवत नाहीत, दोर ओढवत नाही त्यांना.

तुला तोंड आहे ना? मग कुंचल्याने का बोलतोस?

आम्ही जवाच्या बियाण्यासाठी नवा अर्ज करतो आहोत. जव मार्चअखेर पेरला तरी येतो, ही शेवटची संधी. कचेरीत पुन्हा ते वार्तापत्र काढतील. त्यावर ठेवायला मला एक कागद हवा. साध्या भाषेत, तुझ्या नावाने, तुझ्या सहीने, पहिल्या रांगेतला चित्रकार म्हणून. पेंढी कुणी मागितली, कशी जमली, तू तिचं काय केलंस. देवदेवता नकोत त्यात, सूर्य नको.

देणार नसशील तर पुन्हा लिहू नकोस. मी तुला वाढवलं ते विसरायला मला फार वेळ लागणार नाही, इथे सध्या विसरणं सोपं आहे.

पेर्नेल

•

पॅरिस, २४ फेब्रुवारी

ताई,

दाजींबद्दल मी काही लिहीत नाही. मला तो हक्क नाही.

कागद सोबत आहे. एक प्रत सुभेदाराला टपालाने धाडली, एक ब्रेसाकच्या हातात दिली, एक वार्तापत्राच्या छापखान्यात. ते छापणार नाहीत, पण त्यांनी वाचली. मी तिथे उभा राहून वाचायला लावली.

'मी, गास्पार मेर्लियाक, चित्रकार, राहणार पॅरिस, स्वतःच्या हाताने लिहितो. गेल्या ऑगस्टमध्ये छताच्या चित्रासाठी व्हालरूज गावाकडे नमुना म्हणून गव्हाची एक पेंढी मी मागितली. गावाने ती स्वतःहून पाठवली नव्हती. एकेचाळीस वावरांतून प्रत्येकी तीन ओंब्या वेचून त्यांनी ती बांधली, कारण अशा पेंढीत वाईट ओंबी घालायची नाही असा त्यांचा रिवाज आहे. आत राय धान्याचं काड होतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. त्या एका जुडीच्या मी चित्रात तीन पेंढ्या केल्या. वार्तापत्रातला मजकूर खोटा आहे आणि तो खोटा असल्याचं मला छापण्याआधीच माहीत होतं. गावात पीक आलं नव्हतं. ब्लेझ तार्दियू याच्या माळ्यावरची दोन पोती साठा नसून बियाणं होतं. तो कोठडीच्या तापाने मेला. मी पहिल्या रांगेत गेलो.'

शेवटचं वाक्य काढ म्हणून उस्ताद दोन तास माझ्याशी भांडले. म्हणाले, बाकीचं एक वेळ मी निस्तरतो. मी नाही काढलं. संध्याकाळी माझे कुंचले दाराबाहेर होते.

मी कुठे जाणार ते ठरलं नाही. मला अजून कुणी पकडलेलं नाही. ऐकतो की पेंढ्यांवर आता संत्री रंगवतायत, आणि पायरीवरची अक्षरं खरवडून काढली. संत्री महाराजांच्या काचघरात होतात, कुठल्या गावची नसतात.

गास्पार

•

व्हालरूज, २ मे

गास्पार,

कागद मिळाला. तो मी स्वतः कचेरीत नेला, दोन दिवस चालत. चौदा तास बाकावर बसवलं.

त्याच कारकुनाने वाचला. शेवटपर्यंत वाचला आणि वर माझ्याकडे पाहिलं नाही. आत जाऊन आला आणि म्हणाला, "छतावरून तुमच्या गावाचं नाव काढलं आहे म्हणे. आता तुमच्याकडे टंचाई असायला हरकत नाही." हे तो चिडवून बोलला नाही. नियम सांगावा तसं सांगितलं. मी त्याच्या तोंडावर थुंकले असते, पण अर्जावर सही व्हायची होती. ती झाली आणि मी बाहेर येऊन रस्त्यावर थुंकले.

मंजूर झालं तरी पोती पाच आठवडे कोठारातून हलली नाहीत. एक शिक्का राहिला, मग बैल नव्हते, मग पावसाने पूल गेला. शेवटी गेल्या सोमवारी गाडी आली. जव आहे, जुना, पण रुजतोय. उशीर झाला आहे, तरी पेरला. मी आमचंही पेरलं आणि जाकमीनचंही. अजून दोन हात असते तर लवकर झालं असतं. तुला कुठे जायचं ते ठरलं नसेल तर वाट तुला माहीत आहे. येताना तो रंगाचा डबा आणू नकोस.

चोवीस पोती आली. मागितली होती एकेचाळीस, घरटी एक. तू विचारशील, पुरली का?

पुरली. घरटी एक दिलं, तरी एक पोतं उरलं.

पेर्नेल